लोक काय म्हणतील?

(चारचौघांत बोलायला उभे राहिले की अनेकांच्या घशाला कोरड पडते. ही भीती नेमकी कशाची असते? ती का वाटते? ती कमी कशी करता येते? गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या काही प्रयोगांची ओळख या पाठात करून दिली आहे. मराठी ही ज्यांची दुसरी भाषा आहे, त्या विद्यार्थ्यांना हे प्रयोग विशेष उपयोगी पडतील.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीचा तास चालू आहे असे समजा. शिक्षकांनी एक प्रश्न विचारला. उत्तर तुम्हांला येत होते. तुमचा हात अर्धा वर गेला आणि पुन्हा खाली आला. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी तेच उत्तर दिले आणि शिक्षक त्याला शाबास म्हणाले. तुम्ही मनात म्हणालात, "अरे, हे तर मला येत होते!"

मग तुमचा हात खाली का आला? प्रश्न अवघड नव्हता. शिक्षक रागावतील, असेही नव्हते. तुमच्या मनात भलतेच विचार आले होते. "माझे मराठी चुकेल. 'शाळा' म्हणताना तोंडातून 'शाला' निघेल. 'माझे पुस्तक' म्हणायचे, ते 'माझी पुस्तक' होईल. मग सगळा वर्ग हसेल." अशी आपली फजिती होऊ नये, म्हणून तुम्ही गप्प बसलात. 'फजिती' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'फजीहत' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत.

परीक्षेत शिक्षक आपल्या उत्तरपत्रिकेचे मूल्यमापन करतात आणि गुण देतात. पण आपल्याला असेही वाटत असते, की आजूबाजूचे सगळे लोक दिवसभर आपले मूल्यमापन करत आहेत. आपले कपडे, आपली चाल, आपले बोलणे, सगळ्याला ते मनातल्या मनात गुण देत आहेत. आणि ते गुण कमीच असणार! या भीतीला मानसशास्त्रात 'प्रतिकूल मूल्यमापनाची भीती' म्हणतात. आपण घरी त्यालाच 'लोक काय म्हणतील?' असे म्हणतो.

डेव्हिड वॉटसन आणि रोनाल्ड फ्रेंड या दोन संशोधकांनी १९६९ मध्ये ही भीती मोजण्यासाठी ३० विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधान आपल्या बाबतीत खरे की खोटे, एवढेच सांगायचे. उत्तरांवरून त्या माणसाला ही भीती किती आहे याचा अंदाज येतो. थोडीफार भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. कोणाला कमी, कोणाला जास्त, एवढाच फरक.

तुम्हांला वाटत असेल, की वर्गात फक्त आपणच लाजाळू आहोत. बाकीचे सगळे धीट आहेत. हा समज खरा नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिंबार्डो यांनी १९७० नंतरच्या दशकात लाजाळूपणाची पाहणी केली. त्यांनी विचारलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी "मी लाजाळू आहे" असे सांगितले. आयुष्यात कधीतरी लाजाळू होतो, असे सांगणारे तर ८० टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे ज्यांना आपण धीट समजतो, त्यांच्यापैकीही पुष्कळजण आपल्यासारखेच आहेत. ते आपल्याला सांगत नाहीत आणि आपणही त्यांना सांगत नाही.

आता शरीराचे काय होते ते पाहू. जर्मनीतील ट्रायर शहराच्या विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. या चाचणीत तीन परीक्षकांसमोर उभे राहून पाच मिनिटे भाषण करायचे असते. परीक्षक हसत नाहीत, मान डोलवत नाहीत, नुसते पाहत राहतात. त्यानंतर तोंडी गणित असते. १०२२ मधून १३ वजा करायचे, आलेल्या उत्तरातून पुन्हा १३ वजा करायचे आणि असेच पुढे जायचे. चूक झाली, की पुन्हा १०२२ पासून सुरुवात! तुम्हीही मित्रांसमोर करून पाहा. १०२२, १००९, ९९६, ९८३... घरी एकट्याने सोपे वाटणारे हे गणित चारजणांसमोर किती जड जाते, ते कळेल.

या चाचणीच्या आधी आणि नंतर माणसाच्या लाळेची तपासणी करतात. तेव्हा असे दिसते, की लाळेतील कॉर्टिसॉल नावाच्या द्रव्याचे प्रमाण वाढले आहे. संकटाच्या वेळी शरीर हे द्रव्य अधिक तयार करते. काही साप समोर आलेला नाही, कोणी मारायला धावलेले नाही. तीन माणसे फक्त पाहत आहेत. तरीही शरीर संकट आल्यासारखे वागते.

असे प्रयोग जगात पुष्कळ झाले. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोन संशोधक स्त्रियांनी २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांना काय आढळले? काम अवघड आहे, एवढ्यानेच कॉर्टिसॉल फार वाढत नाही. दुसरे लोक आपल्याला जोखत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या, की ते सर्वांत जास्त वाढते. तेव्हा बोलायला उभे राहिल्यावर छातीत धडधडले, तळहातांना घाम आला, तर "मी भित्रा आहे" असे म्हणू नका. सर्वांचेच शरीर तसे बनलेले आहे.

लोक पाहत असले, की काम नेहमी बिघडतेच का? नाही. अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाचे एक अभ्यासक होते. त्यांना सायकल शर्यतींची आवड होती. एकट्याने सायकल चालवणाऱ्यापेक्षा बरोबर दुसरा कोणी असला, की सायकलस्वार जास्त वेगाने जातो, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी ४० मुलांना मासे पकडण्याच्या गळाची दोरी गुंडाळण्याचे काम दिले. कधी एकट्याने, तर कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी उभे राहून हे काम करायचे होते. हा अभ्यास १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारी दुसरा असताना २० मुलांचे काम जलद झाले. १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. उरलेल्या १० मुलांचे काम मात्र बिघडले. गोष्ट एकच, पण परिणाम तीन प्रकारचे!

असे का होते, याचे एक चांगले उत्तर रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये दिले. ते मूळचे पोलंडचे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ते शिकवत असत. ते म्हणाले, की जवळ कोणी असले म्हणजे शरीरात जोर येतो. हा जोर जे काम अंगवळणी पडले आहे, ते अधिक चांगले करायला मदत करतो. पण जे काम नवे आहे, ते या जोरामुळे बिघडते.

आपले म्हणणे तपासण्यासाठी झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क झुरळे घेतली! त्यांचा हा प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. झुरळाला उजेड आवडत नाही. उजेड पडला, की ते अंधाराकडे पळते. संशोधकांनी एक सरळ वाट तयार केली आणि एक वळणाची, म्हणजे भूलभुलैयासारखी. वाटेच्या बाजूला पारदर्शक खोकी ठेवली आणि त्यांत 'प्रेक्षक' म्हणून दुसरी झुरळे सोडली. सरळ वाटेवर प्रेक्षकांसमोर झुरळ जास्त वेगाने पळाले. वळणाच्या वाटेवर मात्र प्रेक्षक असताना त्याला जास्त वेळ लागला.

मित्रांनो, या झुरळाकडून आपण एक गोष्ट शिकू शकतो. तुम्ही मित्रांशी उर्दूत गप्पा मारता, ती तुमची सरळ वाट आहे. तिथे ऐकणारे जास्त असले, की तुम्हांला उलट रंग चढतो. मराठीत बोलणे ही अजून वळणाची वाट आहे. म्हणून तिथे लोक दिसले, की तुम्ही अडखळता. तुमच्या बुद्धीत काही कमी आहे, असा याचा अर्थ नाही. सरावाने वळणाची वाटही सरळ होते.

झुरळाला लोकलाज नसते, माणसाला असते. निकोलस कॉट्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६८ मधील प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. त्यांनी काही लोकांना एकट्याने काम करायला लावले, काहींना पाहणाऱ्या दोन माणसांसमोर करायला लावले आणि काहींना डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या दोन माणसांसमोर करायला लावले. पाहणाऱ्यांसमोर काम करताना फरक पडला. पण पट्टी बांधलेली माणसे जवळ असून नसल्यासारखीच ठरली. यावरून कॉट्रेल यांनी असा निष्कर्ष काढला, की नुसती माणसे जवळ असल्याने फरक पडत नाही. जोखणारी नजर आपल्यावर आहे, असे वाटले की फरक पडतो.

आता खरा प्रश्न विचारू. ही नजर खरोखर किती लोकांची असते?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग केला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला एक टी-शर्ट घालायला दिला. त्यावर एका गायकाचे मोठे चित्र होते. असा टी-शर्ट घालून फिरायची तेथील विद्यार्थ्यांना लाज वाटत असे. तो घालून त्याला एका खोलीत पाठवले. खोलीत दुसरे विद्यार्थी बसले होते. थोड्या वेळाने त्याला बाहेर बोलावले आणि विचारले, "तुझ्या टी-शर्टवर कोणाचे चित्र आहे, हे आतल्या किती जणांना सांगता येईल?" असा प्रयोग अनेक विद्यार्थ्यांवर केला. त्यांना वाटले, सुमारे निम्म्या लोकांना सांगता येईल. प्रत्यक्षात खोलीतील लोकांना विचारले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच ते सांगता आले. म्हणजे आपल्याला वाटते त्याच्या निम्मेच लोक आपल्याकडे लक्ष देतात.

याचे कारण सोपे आहे. तुमच्या कपड्यांवर शाईचा डाग पडला आहे, हे तुम्ही दिवसभर विसरत नाही. पण तुमच्या शेजारी बसलेल्या मुलाला स्वतःच्या फाटलेल्या चपलेची काळजी असते. त्याच्या पुढच्या मुलाला गृहपाठ न केल्याची काळजी असते. जो तो आपापल्या डागाकडे पाहत असतो.

याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली. भाषण करताना आपल्याला वाटते, की आपली धडधड, आपली थरथर समोरच्यांना स्पष्ट दिसत आहे. केनेथ सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषण करणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना वेगवेगळे विचारले. बोलणाऱ्यांना आपण जितके घाबरलेले दिसलो असे वाटत होते, तितके ते ऐकणाऱ्यांना दिसले नव्हते. मग काही जणांना भाषणाआधीच ही माहिती दिली. "तुमच्या मनातली भीती बाहेर फारशी दिसत नाही" एवढेच त्यांना समजावून सांगितले. काय आश्चर्य! त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. त्यांना स्वतःलाही तसे वाटले आणि ऐकणाऱ्यांनाही. तुम्हांलाही आता ही माहिती मिळाली आहे. तिचा उपयोग करा.

परकी भाषा किंवा दुसरी भाषा बोलताना ही भीती अधिक जोर धरते. इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोअ‍ॅन कोप यांनी १९८६ मध्ये यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. वर्गात भाषा शिकताना वाटणारी भीती मोजण्यासाठी त्यांनी ३३ विधानांची प्रश्नावली दिली. त्यांनी सांगितले, की या भीतीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक नावे ठेवतील ही भीती. आपल्या भाषेत आपण हुशार असतो, विनोदी असतो. दुसऱ्या भाषेत मात्र लहान मुलासारखे दोन-दोन शब्द जोडत बसावे लागते. आपण खरे जसे आहोत, तसे लोकांना दिसत नाही, याचे दुःख होते.

तुमच्या चुकांनाही कारणे आहेत. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे. उर्दूत 'ळ' हा आवाज नाही. मग 'शाळा'ची 'शाला' होणारच! अशी चूक ऐकली, की समजावे, हा विद्यार्थी दोन भाषांच्या मधल्या पुलावर आहे आणि पुढे चालला आहे.

पण पुलावर उभेच राहिले तर? भीती वाटली, की आपण गप्प बसतो. गप्प बसलो, की लगेच बरे वाटते. म्हणून पुढच्या वेळीही आपण गप्प बसतो. बोलण्याचा सराव होत नाही. सराव नाही म्हणून चुका तशाच राहतात. मग भीती म्हणते, "बघ, मी सांगत नव्हते?" गप्प राहिल्यामुळे भीतीला जास्तच बळ मिळते.

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये याबद्दल सविस्तर लिहिले. ते म्हणतात, की घाबरलेला माणूस समोरच्याकडे लक्ष देत नाही. त्याचे सारे लक्ष स्वतःकडेच असते. माझा आवाज कापतो आहे का? माझा चेहरा लाल झाला आहे का? फजिती टाळण्यासाठी तो मान खाली घालतो, हळू बोलतो, वाक्य मनात दहा वेळा जुळवतो. या युक्त्यांनी त्याला सुरक्षित वाटते. पण त्यांच्यामुळेच बोलणे अधिक अवघड होते. आणि आपण युक्त्यांशिवायही बोललो असतो, हे त्याला कधी कळतच नाही.

मग यावर उपाय काय? महात्मा गांधींच्या आयुष्यातील दोन प्रसंग पाहा. तरुणपणी ते फार लाजाळू होते. लंडनमध्ये शिकत असताना एका सभेसाठी त्यांनी आपले विचार कागदावर लिहून नेले, पण ते वाचण्याचे धैर्य झाले नाही. दुसऱ्याने ते वाचून दाखवले. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते भारतात आले आणि मुंबईत वकिली करू लागले. स्मॉल कॉज कोर्टात त्यांचा पहिला खटला होता. फी होती ३० रुपये. साक्षीदारांना प्रश्न विचारण्यासाठी ते उभे राहिले. पण डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि दुसरा वकील करायला सांगून निघून आले.

दुसरा प्रसंग त्यानंतर थोड्याच काळाने घडला. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे प्रिटोरिया शहरात शेठ हाजी मुहंमद हाजी जूसब यांच्या घरी त्यांनी हिंदी लोकांची सभा बोलावली. जमलेल्यांत बहुतेक मेमन व्यापारी होते. व्यापारात सचोटी कशी ठेवावी आणि तेथील हिंदी लोकांचे हाल कसे दूर करावेत, यावर गांधीजी बोलले. आत्मचरित्रात या भाषणाला ते आपले पहिले सार्वजनिक भाषण म्हणतात. माणूस तोच, दोनच वर्षे गेली होती. पण या वेळी त्यांनी विषयाची चांगली तयारी केली होती आणि आपल्या लोकांना काहीतरी सांगायचेच, ही तळमळ होती. लक्ष स्वतःवर नव्हते, मुद्द्यावर होते.

दुसरा उपाय एका लहान मुलाच्या गोष्टीतून कळतो. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. पीटर सशाला फार घाबरत असे. जोन्सबाई पीटरला आवडता खाऊ देत आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवत. रोज तो थोडा जवळ आणत. न घाबरणारी मुलेही तेथे खेळत असत. असे करता करता एके दिवशी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसला. भीतीपासून पळू नये, पण एकदम तिच्यावर उडीही घेऊ नये. एकेक पायरी चढावी.

तुमच्यासाठी अशा पायऱ्या सांगतो. पहिल्या पायरीवर धडा घरी मोठ्याने वाचा. दुसऱ्या पायरीवर बहिणीला किंवा मित्राला पाच वाक्ये मराठीत सांगा. तिसऱ्या पायरीवर एसटी स्टँडवर जा आणि विचारा, "काका, मालेगावची गाडी कोणत्या फलाटावर लागते?" उत्तर ऐकताना आपला उच्चार कसा झाला याचा विचार करू नका, फलाटाचा नंबर लक्षात ठेवा! चौथ्या पायरीवर वर्गात रोज एक वाक्य बोला. पाचव्या पायरीवर प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर बातम्या वाचा. एखाद्या पायरीवर पाय लटपटले, तर तिथेच थोडे दिवस थांबा. मात्र मागे फिरू नका. भीती सगळी जाईल, असे मी म्हणत नाही. थोडी राहील. ती असतानाही बोलता येते, हे तुम्हांला कळेल.

काही जणांची भीती फार मोठी असते. शाळेत जाणे, लोकांत जेवणे, दुकानदाराशी बोलणेसुद्धा त्यांना अशक्य होते आणि असे महिनोन्‌महिने चालते. हा आजार आहे, हे डॉक्टरांनी मान्य केले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या आजारांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. असा त्रास असेल, तर अम्मी-अब्बांना किंवा शिक्षकांना मोकळेपणाने सांगा. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो.

शेवटी एक गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी. वर्गात प्रत्येकजण कधी बोलणारा असतो, तर कधी ऐकणारा. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी पहिल्यांदाच धीर करून उभी राहते आणि "माझी पुस्तक घरी राहिली" असे म्हणते. त्या क्षणी तुम्ही हसलात, तर ती पुढे कितीतरी दिवस बोलणार नाही. उद्या तिला बँकेत, दवाखान्यात, कॉलेजच्या मुलाखतीत मराठी बोलायचे आहे. तिला सरावाची जागा हवी आहे आणि ती जागा म्हणजे आपला वर्ग. तिचे वाक्य पूर्ण होऊ द्या. ती काय सांगते आहे, ते ऐका. चूक शिक्षक दुरुस्त करतील. मग तुमची पाळी येईल, तेव्हा समोर जोखणारी नजर नसेल, ऐकणारे कान असतील.

शब्दार्थ

घशाला कोरड पडणे – भीतीने गळा सुकणे
फजिती – फजीहत, हसे होणे
मूल्यमापन – किंमत किंवा गुण ठरवणे
प्रतिकूल – विरुद्ध, मुखालिफ
जोखणे – पारखणे, अंदाज घेणे
पाहणी – सर्वेक्षण, जायजा
अंगवळणी पडणे – सवय होणे, आदत होना
निष्कर्ष – विचार करून काढलेला निर्णय, नतीजा
सचोटी – प्रामाणिकपणा, ईमानदारी
तळमळ – मनापासूनची ओढ, तडप
फलाट – प्लॅटफॉर्म

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉटसन आणि फ्रेंड यांच्या प्रश्नावलीत किती विधाने होती?
(आ) ट्रिपलेट यांनी मुलांना कोणते काम दिले?
(इ) उर्दूत किती लिंगे आहेत?
(ई) गांधीजींनी आपले पहिले सार्वजनिक भाषण कोणत्या शहरात केले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सरळ वाटेवर झुरळ प्रेक्षकांसमोर जास्त वेगाने पळाले, पण वळणाच्या वाटेवर त्याला जास्त वेळ लागला.
(आ) गप्प राहिल्यामुळे भीतीला जास्तच बळ मिळते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) टी-शर्टचा प्रयोग तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) गांधीजींच्या दोन प्रसंगांत कोणता फरक होता?
(इ) पीटरची भीती कशी कमी झाली?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
घशाला कोरड पडणे, मान खाली घालणे, पाय लटपटणे, नावे ठेवणे.

प्र. ५. खालील शब्दांचे लिंग ओळखा आणि प्रत्येकामागे 'माझा', 'माझी' किंवा 'माझे' लावा.
पुस्तक, शाळा, आवाज, चूक, उत्तर, मित्र.

प्र. ६. फजिती, नजर, वकील, मुद्दा या शब्दांशी जुळणारे उर्दू शब्द सांगा. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.

उपक्रम : पाच पायऱ्यांपैकी तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात, ते वहीत लिहा. एका महिन्याने पुन्हा लिहा.